बांधणीचा मंगळवार

दुपारचा एक वाजायला आला असेल, तेव्हा चंद्रकलाबाई गावितांना आपल्या पदरावर पिवळी पूड दिसली. हळद असणार, म्हणून त्यांनी पदर झटकला. मग आठवलं, की आज सकाळपासून स्वयंपाकघरात पाऊलच टाकलेलं नाही. मंगळवार होता, बांधणीचा दिवस. सकाळी आठपासून त्या लोकांच्या गॅलऱ्यांमधून हिंडत होत्या. उरलेली पूड त्यांनी बोटाने चोळून पाहिली. हळद बोट रंगवते. ही नुसतीच उडून गेली.

बाई उठल्या, गॅलरीचं दार लोटलं आणि आपल्या रोपाची एकेक फांदी उलटीपालटी करून पाहू लागल्या. तिसऱ्या फांदीवर, भिंतीकडच्या अंगाला, त्यांना ते सापडलं. गव्हाच्या दाण्याएवढं एक फूल उघडून खाली लोंबत होतं. पाच फिकट पाकळ्या, आणि बोट लावताच त्यातून तीच पूड सांडली. बाई तिथेच ओल्या फरशीवर बसल्या.

आता एवढ्याशा फुलाला एवढं घाबरायचं कारण काय, हे कळायला चार गोष्टी आधी सांगाव्या लागतील. सांगतो. घाई बाईंना आहे, आपल्याला नाही.

सन २०४४. नाशिकला आडगावच्या पुढे सप्तरंग नावाची एक चार मजली सोसायटी. दुसऱ्या मजल्यावर चंद्रकलाबाई आणि त्यांची एकुलती एक मुलगी ईश्वरी. नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. ईश्वरी अकरा वर्षांची असताना शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पहिल्यांदा कोसळली. फिट. त्यानंतर बाईंनी नाशकातला एक डॉक्टर सोडला नाही. गोळ्या बदलल्या, देवऋषी झाले, कांदा हुंगवणारे झाले. आठवड्याला दोन फिट ठरलेल्याच.

माणसाचा मेंदू स्वतःच भांगेसारखा एक पदार्थ तयार करतो, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वी कळलं होतं. मेंदूतल्या पेशी भडकल्या, की हा पदार्थ त्यांना गप्प बसवतो. कुणाला फिट येतात, कुणाचे हात कापतात, कुणाच्या नसा विनाकारण ठणकतात. त्यांच्यात हा बंदोबस्त कुठेतरी ढिला पडलेला असतो. भांगेच्या झाडात असलेच शंभरावर पदार्थ आहेत. अडचण एवढीच, की कुणाला त्यातलं काय आणि किती लागेल, ते ज्याच्या त्याच्या मेंदूवर. नवा शोध लागला तो इथे. रक्ताच्या दोन थेंबांवरून माणसाचा नेमका मेळ काढायचा, आणि त्याच मेळाची फुलं देणारं रोप प्रयोगशाळेत घडवायचं. कारखान्याला एकसारख्या लाख गोळ्या पाडता येतात, पण लाख माणसांची लाख वेगळी रोपं जोपासणं त्याच्या बापाला जमायचं नाही. म्हणून सरकारने परवाने काढले आणि कुंड्या घरोघरी दिल्या. ज्याचं दुखणं त्याची कुंडी. एकाच्या कुंडीतलं औषध दुसऱ्याला पाण्याइतकंच उपयोगी.

कागदोपत्री त्या रोपाचं नाव ‘औषधी विजया’. सोसायटीत सगळे लाडाने विजू म्हणत. बाईंचे पेठ तालुक्यातले भाऊ मात्र पहिल्यांदा आले, तेव्हा चहासुद्धा न घेता परत गेले. बहिणीने गॅलरीत गांजा लावलाय, हे काही त्यांच्या पचनी पडेना. पुढे ईश्वरीच्या फिट थांबल्या, तसे तेच भाऊ येताना गांडूळखताचं पोतं खांद्यावर टाकून यायला लागले. वर, यंदा फूल कसं काय आहे, अशी चौकशी.

सप्तरंगमध्ये पूर्वेकडच्या नऊ गॅलऱ्यांत नऊ विजू होत्या, आणि त्या नऊही चंद्रकलाबाईंच्या हाताखालून जात. बाईंनी तीस वर्षं दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत काढली होती, त्यातली बारा टोळीच्या मुकादम म्हणून. झाडाचा शेंडा म्हणजे घरातला थोरला. तो ताठ उभा असेतो खालच्या डोळ्यांना, म्हणजे निजलेल्या कोंबांना, डोकं वर काढू देत नाही. शेंड्यातून एक रस सारखा खाली उतरत असतो आणि बाजूच्या डोळ्यांना निजवून ठेवतो. शेंडा खुडला, फांदी आडवी वाकवली, की तो धाक संपतो आणि सगळे डोळे एकदम फुटतात. द्राक्षवाल्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. बाईंनी विजूचा शेंडा खुडला, वेलीला करतात तसे डावा-उजवा दोन आडवे ओलांडे, म्हणजे खोडाचे हात, केले, आणि त्यांच्यावर फुटलेल्या बारा फांद्या सुतळीने सरळ वर ओढून बांधल्या. तीन फुटांच्या गॅलरीत झाड पडद्यासारखं चपटं उभं राहिलं, उन्हाला आरपार, वाऱ्याला आरपार. दुसऱ्यांना मूठभर फुलं यायची, बाईंना ओंजळभर. मग काय, ‘मावशी, आमचीही बांधून द्या ना.’ तेव्हापासून मंगळवार बांधणीचा. दोन-तीन घरं एका मंगळवारी, दोन-तीन पुढच्या.

इथपर्यंत सगळं छान होतं. माणसाचं घोडं अडतं ते त्याला येत असलेल्या गोष्टीपाशी.

गेल्या हंगामात ढगाळ हवेत पगारेकाकांच्या विजूची फुलं आतून कुजली होती. फुलं दाट, गच्च, आत वारा शिरायला जागा नाही. यंदा दिवाळीच्या आधी पुन्हा आभाळ भरून आलं, तेव्हा बाईंच्या डोळ्यांना ती गच्च फुलं खुपायला लागली. द्राक्षाचा घड असा गच्च झाला, तर काय करतात? फुलोऱ्याच्या आधी जीए नावाच्या वाढीच्या औषधाच्या पाण्यात बुडवतात. घड लांबतो, मणी एकमेकांपासून मोकळे होतात, आत वारा खेळतो. बाईंनी आयुष्यात किती लाख घड पेल्यात बुडवले असतील, त्याची मोजदाद नाही. विजूला रासायनिक काही घालायचं नाही, हा परवान्याचा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. गांडूळखत, निंबोळी पेंड, भुरीच्या बुरशीवर आंबट ताक, संपलं. पण जीएच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘जैविक संजीवक’ असं लिहिलेलं. ते खोटंही नव्हतं. जीए एका बुरशीपासूनच काढतात. बाईंनी फुलोरा सुरू होताना आपल्या विजूचा एकेक तुरा पाच वेळा पेल्यात बुडवून काढला. आधी आपल्या झाडावर करून बघू, चांगलं झालं तर बाकीच्यांचंही करून देऊ, असा विचार. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

कारण विजूची जात पपईसारखी. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. औषध भरतं ते मादीच्या फुलात, तेही पराग पडला नाही तोवर. पराग पडला, की झाड औषध करायचं सोडून बी भरायला लागतं, आणि मेळ पार विस्कटतो. म्हणून सरकार निवडून फक्त मादी रोपं देतं. आणि जीए नेमकं काय करतं, तर मादीच्या अंगात निजलेला नर जागा करतं. द्राक्षाच्या फुलात नर-मादी एकत्रच नांदतात, तेव्हा तीस वर्षांत बाईंना हे कळायला वावच नव्हता.

तर ते फूल. ते आज सकाळी केव्हातरी उघडलं. सकाळी निघताना बाईंनी सवयीने आपल्या विजूच्या सुतळ्या चाचपल्या होत्या, तेव्हाच पदर त्याला घासला. आणि तोच पदर, तेच हात घेऊन त्या आधी नूरआपा तांबोळींकडे गेल्या, मग पगारेकाकांकडे, मग कुलथ्यांकडे. प्रत्येकाच्या गॅलरीत उभं राहून त्यांनी एकेक फांदी कुरवाळत, फुलं बाजूला सारत बांधली होती. पराग एरवी वारा नेतो, इथे वारा बिचारा कुठल्या कुठे राहिला.

बाईंनी ते फूल ओल्या फडक्यात गुंडाळलं. नंतर चिमटा आणून शोधायला बसल्या, तर न उघडलेल्या कळ्या ढीगभर. पानांच्या बेचक्यांत, फुलांच्या पोटात, जिथे बघावं तिथे. दोनच्या सुमारास वाटी भरली. डोकं मात्र चिमट्याच्या पुढे पळत होतं. रोपसेवक वडनेरे गुरुवारी तपासणीला येत. परवाना देताना त्यांनीच दिवसभर बसवून शिकवलं होतं, की नर फूल दिसलं तर त्याच दिवशी कळवा. पराग पाण्याने मरतो. शेजारच्या झाडांवर पडला असेल आणि लगेच धुतलं, तर झाड वाचतं. दुपार उलटली तर नशीब, आणि संध्याकाळनंतर बैल गेला अन् झोपा केला. आणि ज्या झाडावर नर फूल निघालं, ते झाड उपटायचं. नवं रोप चार महिन्यांनी.

चार महिने! घरातल्या डबीत औषध जेमतेम एका महिन्याचं. आणि ईश्वरीची तपासणी दीड महिन्यावर. कंटेनर डेपोत क्रेन चालवायची नोकरी तिच्या नावावर जवळजवळ लागली होती. शिकाऊ म्हणून खोट्या केबिनमध्ये बसून पडद्यावरचे डबे उचलण्यात ती पहिली आली होती. अट एकच, सलग अठरा महिने फिट नको. साडेसोळा झाले होते. तेरा वर्षं जिला रस्ता ओलांडू दिला नाही, ती पोरगी चाळीस फुटांवरच्या खुर्चीत बसणार होती. बाईंना त्या खुर्चीची स्वप्नं पडत.

चिमट्याने सगळ्या कळ्या काढल्या तर? रोज काढल्या तर? महिनाभरात फुलं पिकतात. गुरुवारी वडनेऱ्यांना एकही दिसली नाही, म्हणजे झालं. आणि त्या तीन घरांत काही पडलंच नसेल. एवढीशी तर पूड. पडली असली, तरी ती आपलीच, हे कोण सांगणार?

हे असं मनात आल्याचं बाईंना वाईट वाटलं, आणि तरी त्या कळ्या खुडत राहिल्या. अडीचला उठल्या, पाणी पिऊन आल्या. तीनला उठल्या, दाराची कडी लागली आहे का ते पाहून आल्या. ती लागलेलीच होती. भात कुकरात तसाच राहिला. सव्वातीनला नूरआपांचा फोन आला. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. इस्माईलभाईंनी आज चष्मा न लावता सुईत दोरा ओवला म्हणे, पहिल्या झटक्यात. इस्माईलभाई म्हणजे आपांचे मालक, धंद्याने शिंपी. कंपवाताने चार वर्षं त्यांचं मशीन झाकून पडलं होतं, विजूने ते पुन्हा सुरू केलं. नूरआपा म्हणाल्या, शिरखुर्मा केलाय, खाली या. बाई म्हणाल्या, गुडघा दुखतोय. मग फोन ठेवून त्या घरभर फिरत राहिल्या, त्या दुखऱ्या गुडघ्यावर. चोराच्या मनात चांदणं.

ईश्वरी साडेपाचला आली. चपला काढता काढताच तिला वाटी दिसली, चिमटा दिसला, आईचा चेहरा दिसला. लहानपणापासून दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून आपल्याला काय झालं होतं ते ओळखायची तिला सवय होती. बाईंनी सगळं सांगितलं, जीएसकट.

ईश्वरी बराच वेळ वाटीतल्या कळ्या बोटाने हलवत राहिली. मग तिने विचारलं, तीन घरांत सांगितलं का. बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

“मग नको सांगूस,” ईश्वरी म्हणाली.

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“नको सांगूस म्हणते मी. तेरा वर्षं सगळ्यांची पाळी आधी, माझी नंतर. शाळेची सहल माझ्याशिवाय, मामाचं लग्न माझ्याशिवाय. आता एक दीड महिना माझा राहू दे. मी काही मागत नाही, फक्त गप्प राहा.”

आणि ती आत जाऊन पालथी पडली. रडली नाही. ती रडली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं.

बाई दारात उभ्या राहिल्या. लेक हवं ते बोलली होती, दुपारपासून आपल्या मनात होतं तेच बोलली होती, मग सुटल्यासारखं का वाटत नाही, हे त्यांना कळेना. त्यांना आपले हात दिसत होते. ही पूड वाऱ्याने गेली असती, तर त्यांनी देवाला नमस्कार केला असता आणि गप्प बसल्या असत्या, खोटं कशाला सांगू. पण ती या हातांनी गेली होती. ‘मावशी, तुमचा हात लागला की झाड धरतं’ असं म्हणून लोकांनी दारं उघडली होती. बाईंनी फवारणीचा छोटा पंप घेतला, त्यात नळाचं पाणी भरलं आणि साडी बदलून निघाल्या. आतून ईश्वरीने “आई” अशी एकच हाक मारली. बाई थांबल्या नाहीत.

आधी त्या कुलथ्यांकडे गेल्या. त्यांची शर्वरी आठ वर्षांची, तिलाही फिट येत. शर्वरीची आई नुसती बादलीने पाणी आणत राहिली. मग पगारेकाका. ते मोठ्याने ओरडले, शिव्या दिल्या, आणि ओरडता ओरडता स्वतःच फांद्या धरून धुवायला लागले. नूरआपांकडे बाई सगळ्यात शेवटी गेल्या. खरं तर सकाळी आठला त्या पहिल्यांदा तिथेच गेल्या होत्या, म्हणजे धुवायला हवं होतं तेही आधी तिथेच. पण पाय वळेनात. जिथे जास्त माया, तिथे जायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ कुणी परत देत नाही.

साडेसात वाजले होते. इस्माईलभाई मशीनवर बसले होते. नूरआपांनी सगळं ऐकून घेतलं, पंप स्वतःच्या हातात घेतला, झाडाला शेंड्यापासून बुंध्यापर्यंत न्हाऊ घातलं. मग वळून एकच विचारलं.

“तुम्हाला केव्हा समजलं?”

आत्ताच, असं म्हणता आलं असतं.

“एक वाजता,” बाई म्हणाल्या.

नूरआपांनी पंप खाली ठेवला. सव्वातीनचा फोन दोघींनाही आठवला असणार. त्या काही टाकून बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, की आता तुम्ही घरी जा.

बाईंनी रात्रीच कळवलं होतं, म्हणून वडनेरे गुरुवारची वाट न बघता बुधवारीच आले. त्यांनी बाईंचं झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधलं आणि रिकाम्या कुंडीवर लाल चिकटपट्टी लावली. स्वतःहून कळवलं म्हणून परवाना शाबूत राहिला. ‘जैविक’ लिहिलेल्या त्या बाटलीचा फोटो काढताना मात्र त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दहा दिवसांनी ते पुन्हा सगळीकडे फिरून गेले. पगारेकाकांचं झाड वाचलं. कुलथ्यांच्या दोन फांद्या काढाव्या लागल्या, बाकी वाचलं. नूरआपांच्या फुलांत बी भरलं होतं. पंधरा-वीस दिवसांनी खालच्या मजल्यावरचं मशीन हळूहळू अडखळायला लागलं, आणि एक दिवस बंद झालं.

पुढचा महिना बाईंनी कसा काढला, ते त्यांनाच ठाऊक. मंगळवारी कुणी बोलावेना. हातांना काम नाही, तर त्या धुतलेली भांडी पुन्हा धुवायच्या. ईश्वरी कामापुरतं बोलायची. डबीतलं औषध ती मापून घेई, एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. अर्धं अर्धं घेऊन पुरवता येईल का, असं बाईंनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धं म्हणजे काहीच नाही. पाच डिसेंबरला डबी संपली.

सहा, सात, आठ. बाई मुलीच्या मागे मागे हिंडत. ती अंघोळीला गेली, की दाराबाहेर उभ्या. चहाचा कप वाजला, की धावत. ईश्वरी चिडायची. दहा, अकरा, बारा. बाईंना आशा वाटायला लागली, हे सगळ्यात वाईट. चौदा तारखेला सकाळी साडेनऊला ईश्वरी केस विंचरत होती, आणि फणी हातातून पडली. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली मांडी दिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. दोन मिनिटं चाळीस सेकंद. शुद्धीवर आल्यावर ईश्वरीने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. घरात दुसरं कुणी नव्हतं. कुणाला काही कळलं नाही.

वीस तारखेला डेपोच्या दवाखान्यात तपासणी होती. मेंदूचा आलेख निर्दोष आला. फिट येऊन गेली, तरी आलेखात ती दर वेळी सापडतेच असं नाही. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, छान आहे, आता फक्त हा एक कागद. कागदावर घरातल्या माणसाने लिहून द्यायचं होतं, गेल्या अठरा महिन्यांत फिट आली का, आणि खाली सही.

चंद्रकलाबाईंनी पेन उचललं. त्यांनी आठवडाभर याचा विचार केला होता, आणि ठरवूनच आल्या होत्या. एकदा खरं बोलून लेकीचं नुकसान केलं. इस्माईलभाईंचं मशीनही वाचलं नाही. आता देवाने काय शिक्षा द्यायची ती आपल्याला द्यावी. त्यांनी ‘नाही’ लिहिलं. सही केली, आणि कागद पुढे सरकवला.

ईश्वरीने तो वाटेतच अडवला. वाचला.

“आली होती,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “चौदा तारखेला, सकाळी साडेनऊ वाजता. आईने चुकून नाही लिहिलंय.”

बाहेर आल्यावर बाईंना आवरेना. एवढं सगळं झाल्यावर, हातातोंडाशी आलेला घास असा टाकायचा? खोटं लिहिलं ते त्यांनी लिहिलं होतं, पाप लागलं असतं तर त्यांना लागलं असतं. ईश्वरीचं तर काम झालं असतं! त्या रस्त्यातच रडायला लागल्या. येणारे जाणारे बघत होते.

“वरून डबा सुटला तर खाली कोण असतं, माहितीये?” ईश्वरी म्हणाली. “माणसं असतात. मी खोट्या केबिनमध्ये दोनदा डबा पाडलाय, तेव्हा पडद्यावर सुद्धा ती माणसं बघवली नव्हती. आणि त्या दिवशी मी नको म्हणत असताना पंप घेऊन गेलीस ना तू? मग आज माझ्यावर ही मेहरबानी कशाला? मला तसली खुर्ची नको.”

आणि आता तीही रडायला लागली, रागाने, नाक ओढत, लहान मुलीसारखी. खुर्ची तिला हवीच होती. फार हवी होती.

दोघी बसथांब्यावर येऊन बसल्या. मग ईश्वरीने बोटांवर महिने मोजले. इथून पुढे एकही आली नाही, तर पुढच्याच्या पुढच्या वर्षीचा जून, ती म्हणाली, चौदा तारीख. मार्चमध्ये नवं रोप आलं, की आईने बांधणी तिला शिकवायची. शेंडा कसा खुडायचा, ओलांडा कसा करायचा, सगळं. सुतळी ती धरणार. आणि नूरआपांचंही नवं रोप तेव्हाच येईल, ते बांधायला त्यांनी बोलावलं तर तीच जाईल, नाही बोलावलं तर दारात जाऊन विचारील.

“आणि मी?” बाईंनी विचारलं.

“तू बसायचं. हात मांडीवर ठेवून.”

बसायचं! चंद्रकला गावितांना हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी करून पाहिलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या रस्त्याकडे बघत बसल्या. बस यायला वीस मिनिटं होती. पाचव्या मिनिटाला त्या उठल्या. थांब्याच्या मागे कुणाच्या तरी कुंपणावरून मधुमालतीची फांदी खाली लोंबत होती. बाईंनी ती हलकेच वर उचलली, तारेत अडकवायला जागा शोधली, पदराच्या टोकाला सुतळीचा तुकडा असतो का ते चाचपू लागल्या.

“आई,” ईश्वरी म्हणाली.

बाईंनी फांदी सोडून दिली आणि त्या परत येऊन बसल्या.